विहीणबाईंचा घाट

"इथून?" विहीणबाईंनी विचारलं.

"इथूनच."

एका हातानं माझ्या सॅकचा पट्टा धरून त्यांनी कड्याच्या टोकावरून खाली वाकून पाहिलं. दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत दगडधोंड्यांचा एक उतार सरळ कोकणात कोसळत गेला होता. काही धोंडे बैलगाडीएवढे, काही मुठीएवढे. अगदी तळाशी झाडांचा गडद पट्टा आणि त्याच्या पलीकडे धुरकट हवेत चार-दोन कौलारू घरं.

"यात वाट कुठं आहे?"

"हीच वाट. तेलणीची नाळ म्हणतात हिला. पूर्वी खालची माणसं डोक्यावर तांदूळ घेऊन हिच्यातून वर बाजाराला यायची."

"डोक्यावर?"

"डोक्यावर."

विहीणबाईंनी ओढणी कमरेला करकचून बांधली. सॅक पाठीवर एकदा उचलून नीट बसवली आणि म्हणाल्या, "मग चला."

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीला मुलींच्या शाळेत पीटी शिकवत होते. सह्याद्रीत भटकायचं वेड मला कॉलेजपासूनचं. लग्नानंतरही ते सुटलं नाही आणि माझ्या मुलीनं, केतकीनं, ते माझ्याकडून घेऊन दुप्पट केलं. विहीणबाई म्हणजे केतकीच्या सासूबाई, साताऱ्याच्या हेमलता शिर्के. उंच, सडसडीत, इस्त्रीच्या साडीतल्या. त्यांच्या घरात चहाच्या कपांचे कानसुद्धा एका बाजूला वळवून ठेवलेले असायचे. लग्नात त्यांनी मला रडकुंडीला आणलं होतं. विहिणीच्या पंगतीत ताटाभोवतीची रांगोळी फिसकटली म्हणून त्या पाटावर बसेचनात. माझ्या भावानं हात जोडले, तेव्हा कुठं बसल्या.

त्या वर्षी केतकीची हिमालयातल्या एका मोहिमेसाठी निवड झाली. सरावासकट दीड-दोन महिन्यांचं काम. आमची नात जुई जेमतेम दीड वर्षाची. जावई, अभय, म्हणत होता, जाऊ दे तिला. घरात सगळं अडलं होतं ते विहीणबाईंपाशी. त्या हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. केतकी फोनवर मला म्हणायची, "आई, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं गं. नुसत्या बघत राहतात माझ्याकडं."

आणि एक दिवस मला शाळेत त्यांचा फोन आला.

"विहीणबाई, मला एकदा तुमच्या त्या डोंगरात न्या."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. म्हटलं, "या की. सिंहगडला जाऊ एक दिवस. झुणका-भाकरी खाऊ, परत येऊ."

"सहलीची जागा नको. केतकी जाते तसल्या वाटेनं. पाठीवर ओझं घेऊन, मुक्काम करून. आणि घरात कुणाला बोलायचं नाही. आपण दोघी हरिहरेश्वरला जातोय, असं सांगते मी."

"गुडघे कसे आहेत तुमचे?"

"गुडघ्यांचं मी बघते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मला त्यांचा डाव कळला. एकदा यायचं, सगळं डोळ्यांनी पाहायचं आणि घरी जाऊन सांगायचं, मी स्वतः बघून आले, लेकुरवाळ्या बाईचं काम नाही ते. अशा बाईपुढं उगाच नाही-नको करत बसण्यात अर्थ नव्हता. मी वेल्ह्याच्या पलीकडच्या घाटमाथ्यावरून एका नाळेनं कोकणात उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घोरपडीच्या घाटानं परत वर चढायचं, असा बेत केला. महिनाभर रोज अजिंक्यतारा चढून-उतरून यायचं, अशी अट घातली. "घरी देवदर्शन म्हणून सांगते," असं त्यांनी कळवलं. अप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणे सगळीकडं सांगत सुटले होते की हिला या वयात फारच भक्ती सुचलीय.

तर अशा आम्ही दोघी. नसरापूर फाट्यावर उतरून वेल्ह्याची गाडी धरली, तिथून पुढं एका जीपनं. विहीणबाई सलवार-कमीजमध्ये होत्या. मी त्यांना साडीशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. पायात केतकीचे जुने बूट. "मला बरोबर येतात," एवढंच म्हणाल्या.

तेलणीची नाळ उतरायला आम्हाला दिवस गेला. पहिल्या तासात विहीणबाई तीनदा बसल्या, म्हणजे घसरून बसल्या. मी हात द्यायला वळले की म्हणायच्या, "तुम्ही पुढं बघा." धोंड्यावर पाय कसा टाकायचा, आधी हलवून कसा बघायचा, हे मी सांगत होते. त्या ऐकत होत्या आणि उत्तर देत नव्हत्या. दुपारी एका कपारीत डबा उघडला, तेव्हा त्यांच्या दोन्ही कोपरांची सालटी निघालेली दिसली. मी मलम काढलं.

"घरी दिसेल हे," मी म्हटलं.

"हरिहरेश्वरला पायऱ्यांवरून पडले म्हणून सांगेन," त्या म्हणाल्या आणि धपाट्याचा तुकडा मोडला. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

संध्याकाळी खालच्या वाडीत शेवंता नावाच्या बाईंच्या पडवीत उतरलो. माझी त्यांची जुनी ओळख. मी घोरपडीच्या घाटाचं नाव काढताच त्यांनी मान हलवली.

"तिकडनं कोण जात न्हाय आता. गाडीरस्ता झाल्यापासून समद्यांनी सोडली ती वाट. आन् गेल्या पावसात मोठी दरड आली. गुरंबी जाईनात तिकडं."

"पार बंद झालीय?"

"कोण गेलंय बघायला? वरच्या खोबण्या लांबून दिसतात अजून. खालचं काय सांगू?"

मी विहीणबाईंकडं वळले. "विहीणबाई, आपण उद्या गाडीरस्त्यानं महाडला जाऊ. एक घाट तर उतरलात. पुष्कळ झालं."

"केतकी असती तर?"

खोटं बोलता आलं नाही. "तिनं वर जाऊन पाहिलं असतं. नाही जमलं तर परत फिरली असती."

"मग तसंच करू."

जेवायच्या आधी मी पडवीच्या खांबाला दोर बांधून त्यांना गाठ शिकवली. लागणार नाही, पण बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला ती यायलाच हवी, असा माझा नियम होता. आठच्या आकड्यासारखी गाठ, तिचंच टोक खांबाला वेढा घालून पुन्हा त्याच वाटेनं उलट ओवायचं. त्यांना पहिल्यांदा जमली नाही. दुसऱ्यांदाही नाही. शेवंताबाईंनी ताटं वाढली, तरी त्या खांबापाशीच होत्या. शेवटी जमली, तेव्हा त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

सकाळी उजाडताच निघालो. खालचं जंगल ठीक होतं. पुढं ओढा, मग चढण, मग जुन्या वाटेच्या फरसबंदीचे चार दगड दिसले आणि मला बरं वाटलं. मी या घाटानं पूर्वी एकदा गेले होते, तेव्हा शेळ्या हाकत माणसं खाली येत होती. तासाभरात ती फरसबंदी संपली आणि समोर दरड आली. डोंगराची एक अख्खी बाजू सोलून निघाली होती. वाट होती तिथं आता लाल मातीचा आणि सुट्या दगडांचा घसारा पसरला होता. पाऊल टाकलं की दोन पावलं खाली.

मी डावीकडं डोंगराच्या सोंडेसारख्या गवताळ दांड्यावर चढायचं ठरवलं. वाळलेलं गवत बुटाखाली काचेसारखं सटकत होतं आणि एका अंगाला खोल दरी. मी दोर दोघींच्या कमरेला बांधला आणि सांगितलं, "गवत मुळाशी धरायचं, शेंड्याला नाही. आणि दरीकडं बघायचं नाही."

"मी बघितली," मागून आवाज आला.

"मग?"

"मग काही नाही. आहे खोल."

दांडा संपला आणि आम्ही कारवीच्या रानात शिरलो. कारवीच्या काठ्यांना धरून, एकमेकींना ढकलत, ओढत वर सरकत होतो. ऊन चढलं होतं. पाण्याच्या दोन बाटल्या संपल्या, एक उरली. कारवी विरळ झाली आणि समोर कातळ आला. त्याच्या वरच्या अंगाला जुन्या खोबण्या स्पष्ट दिसत होत्या. कुणी कधी खोदलेल्या कोण जाणे, पण शिडीसारख्या एकावर एक. त्यांच्या माथ्यावर अंजनीचं एक जाड झाड आणि झाडाच्या मागं नुसतं आकाश. म्हणजे तिथं घाटमाथा होता.

मी इतकी खूश झाले की घाई केली. कातळाच्या पायथ्याशी पोचायला एक छोटी उडी-वजा पायरी होती, तिथं मी वरच्या दगडाला उजवा हात घातला आणि तो दगड हलवून न बघताच भार दिला. तो निखळला. मी मागं न पडता खालीच बसले, पण दगड मनगटावर आपटून खाली गेला. कारवीतून कडकड आवाज करत तो बराच वेळ जात राहिला.

विहीणबाई बाजूला होत्या, त्यांना लागलं नाही. त्या आल्या, माझा हात मांडीवर घेतला आणि बोटं हलवायला सांगितली. बोटं हलली. मनगट मात्र बघता बघता सुजायला लागलं. त्यांनी ओढणी फाडून पट्टी बांधली, इतकी व्यवस्थित की तिच्या कडासुद्धा सारख्या होत्या.

मी वर कातळाकडं पाहिलं. तीन माणसं एकावर एक उभी राहिली तर जेमतेम माथ्याला हात लागेल, एवढा तो होता. खोबण्या होत्या त्या वरच्या अर्ध्या भागात. खालच्या खोबण्या दरडीनं नेल्या होत्या. दोन्ही हात धड असते तर मी चढले असते. एका हातानं ते शक्य नव्हतं.

"परत फिरू या," मी म्हटलं.

"कसं?"

"आलो तसं. कारवी, मग तो गवताचा दांडा."

"उतरताना हात लागणार नाही?"

"लागेल."

"चढताना लागतो त्यापेक्षा कमी की जास्त?"

त्या दांड्यावरून एका हातानं उतरायची कल्पनाच मला नकोशी वाटत होती आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसत होतं.

"जास्तच लागेल," त्याच म्हणाल्या. मग त्यांनी मान वर करून कातळाकडं पाहिलं. नवीन शेगडी विकत घेताना बघावं तसं, खालपासून वरपर्यंत सावकाश. "वर झाड आहे. काल शिकवलीत ती गाठ मी त्या झाडाला बांधली, तर तुम्हाला दोराला धरून एका हातानं येता येईल?"

"मला येईल. पण आधी वर जाणार कोण?"

"इथं आणखी कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना खूप समजावलं. पडलात तर माझ्या अंगावर पडाल आणि मी धरलं नाही तर खालच्या कारवीत. कारवीनं धरलं नाही तर पुढचं बोलायला नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोराचं टोक कमरेला बांधलं, चष्म्याची दोरी मागं घट्ट केली आणि विचारलं, "पहिल्या खोबणीपर्यंत पोचायचं कसं, तेवढं सांगा."

पहिल्या खोबणीपर्यंत पोचायला एकच मार्ग होता. मी कातळाला पाठ लावून उभी राहिले, गुडघा पुढं केला आणि म्हटलं, "आधी मांडीवर पाय द्या. मग खांद्यावर."

विहीणबाई मागं सरकल्या.

"खांद्यावर पाय? तुमच्या?"

"मग कुणाच्या?"

"अहो, काहीतरीच काय? तुम्ही मुलीची आई."

"म्हणूनच," मी म्हटलं. "लग्नात रांगोळीपायी सगळी पंगत खोळंबवलीत, तेव्हा नाही संकोच वाटला. आता खरंच पाय द्यायची वेळ आलीय तर लाजताय."

त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. तीन वर्षांच्या सोयरिकीत मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं. हसता हसताच त्यांनी बूट-मोजे काढले, बूट कमरेच्या दोराला अडकवले आणि माझ्या मांडीवर अनवाणी पाय दिला. मग खांद्यावर. पाय लागताच त्यांचा हात सवयीनं खाली आला, माझ्या खांद्याला लागला आणि त्यांच्या कपाळाला.

"नमस्कार नंतर करा. हात वर घाला."

"घातला. खोबणी सापडली."

"दुसरा?"

"दुसऱ्यात माती आहे."

"उकरून काढा."

माझ्या डोळ्यांत माती पडली. खांद्यावरचं ओझं हललं, एका बाजूला आलं आणि मग उचललं गेलं. मी पुढं होऊन वर पाहिलं. विहीणबाई कातळाला चिकटल्या होत्या. दोन्ही हात खोबण्यांत, एक पाय खोबणीत आणि दुसरा नुसता हवेत चाचपडत होता.

"उजव्या पायाला वीतभर वर जागा आहे. आणखी वर. आता आत."

पाय खोबणीत गेला. आणखी एक खोबणी त्या चढल्या. आणि तिथं थांबल्या. त्यांची डावी पोटरी शिवणयंत्रासारखी थडथडायला लागली.

"टाच खाली करा. विहीणबाई, टाच खाली."

"मला खाली बघवत नाही."

"बघू नका. नुसती टाच खाली सोडा."

"जुई..." एवढंच त्या म्हणाल्या.

मी माझा धड हात वर धरून उभी होते, जणू त्या हातानं मी त्यांना झेलणार होते. वारा पडला होता. त्यांचा श्वास मला खालपर्यंत ऐकू येत होता. मला वाटलं, आपण यांना इथं आणायला नको होतं. मग वाटलं, त्या आपल्या पायांनी आल्यात.

"विहीणबाई," मी म्हटलं, "ऐकताय का?"

"बोलू नका," वरून आवाज आला. "मोजतेय मी. तीनच राहिल्यात."

टाच खाली गेली. पोटरी थांबली. मग एक हात सुटला, वर गेला, खोबणीत शिरला. मग पाय. त्यांनी अजिबात घाई केली नाही. प्रत्येक खोबणीत आधी बोटांनी माती उकरली, हलवून पाहिलं, मगच भार दिला. काल नाळेत मी हेच सांगत होते आणि मला वाटलं होतं, त्या ऐकत नाहीत. शेवटच्या खोबणीतून त्यांनी अंजनीच्या मुळाला हात घातला, छाती कडेवर टेकवली, पाय दोनदा झाडले आणि दिसेनाशा झाल्या.

काही वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"विहीणबाई?"

"आहे. जरा आडवी पडलेय."

त्यांनी दोर झाडाला बांधला, तो मला दिसत नव्हता. जे दिसत नाही त्यावर जीव टांगायचा होता. मी ओरडून विचारलं, "गाठ कशी दिसते, सांगा."

"आठ आहे."

"दोर सगळीकडं जोडीनं चाललाय? कुठं एकेरी नाही ना?"

"थांबा." मग बऱ्याच वेळानं, "एका ठिकाणी एकेरी आहे. सोडते आणि पुन्हा बांधते."

मी कातळाला टेकून उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या उत्तरानंच माझी भीती गेली. ज्या बाईनं मला खूश करायला 'बरोबर आहे' म्हटलं नाही, तिच्या दोराला लोंबकळायला मला काही वाटलं नसतं.

"आता जोडीनं आहे. सगळीकडं. ओढून पाहिली."

आधी दोन्ही सॅक वर गेल्या. मग मी. डाव्या हाताला दोराचा वेढा, उजवा हात छातीशी आणि वरून विहीणबाई उरलेला दोर झाडाभोवती आवळत, "या, या," म्हणत. खोबण्यांपर्यंत पोचताना माझे पाय दोनदा सुटले. दोन्ही वेळा दोरानं मला धरलं. कडेशी त्यांनी माझ्या कमरेच्या पट्ट्यालाच हात घातला आणि पोतं ओढावं तसं मला वर घेतलं. आम्ही दोघी अंजनीखाली पडलो. माती, घाम, फाटलेली ओढणी, सगळं एक झालं होतं.

खाली अख्खं कोकण पसरलं होतं. आदल्या दिवशी उतरलेली नाळ डावीकडच्या कड्यात काळ्या रेघेसारखी दिसत होती. आम्ही आलो तो गवताचा दांडा इथून बघितला, तर कुणी शहाणं माणूस त्यावर पाऊल ठेवेल असं वाटत नव्हतं. विहीणबाई उठून बसल्या आणि बोट दाखवून ती सगळी वाट स्वतःशी पुन्हा चालल्या. "ती शेवंताबाईंची वाडी. तो ओढा. ती दरड. तो दांडा. आणि हे आपण." मग त्यांनी शेवटची बाटली काढली, आधी मला दिली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"आता सांगा," मी म्हटलं. "का आलात?"

त्या म्हणाल्या, "केतकी डोंगरावरून परत येते ना, तेव्हा तिचा चेहरा बघितलाय तुम्ही?"

"बघितलाय."

"मी रोज बघते. माझ्या घरात तिचा चेहरा तसा कधी होत नाही. मला वाटायचं, घर नको असतं म्हणून जाते ही. आमच्यापासून सुटायला. आणि एक दिवस इतकी लांब जाईल की परत येणं नकोसंच वाटेल. पडेल-झडेल याची भीती नव्हती हो मला, विहीणबाई. ती भीती अभयला. मला दुसरीच होती. ती कुणाला सांगणार? सुनेला विचारणार, का गं, आमचं घर आवडत नाही का तुला?"

"म्हणून बघायला आलात."

"हो. इथं असं काय आहे, जे माझ्या घरात नाही, ते बघायला." त्यांनी पायातले काटे काढायला सुरुवात केली. "आणि आत्ता त्या मुळाला हात घालून वर आले. आडवी पडले. तेव्हा सगळ्यात आधी मनात काय आलं, सांगू?"

"काय?"

"की हे कधी एकदा घरी जाऊन सांगतेय. अप्पांना, अभयला, त्या जुईला, तिला कळो न कळो. घर इतकं जवळचं मला घरात बसून कधी वाटलं नव्हतं."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते ओढणीच्या उरलेल्या तुकड्यानं पुसले, बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि उभ्या राहिल्या. "चला. शेवटची गाडी चुकेल."

माथ्यावरच्या पठारावरून रस्त्यापर्यंत त्या माझ्या पुढं चालत होत्या. माझी सॅकही त्यांनी छातीवर घेतली होती. मला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साताऱ्याला पोचलो. माझं मनगट तोवर प्लॅस्टरमध्ये होतं. केतकीनं दार उघडलं आणि आम्हा दोघींना बघून मागं सरकली. अभय आतून आला. "अरे, हरिहरेश्वरला काय झालं?"

"हरिहरेश्वर कुठलं?" विहीणबाई म्हणाल्या. "आम्ही घोरपडीचा घाट चढलो. बसा सगळे."

आणि त्या सांगायला लागल्या. हातपाय न धुता, सोफ्याच्या हातावर बसून, ज्या सोफ्यावर त्या कुणाला ओला टॉवेल ठेवू देत नसत. नाळ सांगितली, शेवंताबाई सांगितल्या, दांडा सांगितला. माझ्या खांद्यावर पाय दिला ते सांगितलं, तेव्हा अप्पांनी हातातला चहा खाली ठेवला. कातळ सांगताना त्या उभ्या राहिल्या आणि भिंतीला हात लावून खोबण्या दाखवल्या. सांगण्यात कातळ जवळजवळ दुप्पट उंच झाला होता. मी काही दुरुस्ती केली नाही. केतकी जुईला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. तिची नजर सासूवरून हलत नव्हती.

सगळं सांगून झालं, तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मग केतकीनं सासूला हळूच विचारलं, "आई, मग मी जाऊ?"

"जा," विहीणबाई म्हणाल्या. "जुईला मी बघते. पण आलीस की इथं बसून सगळं सांगायचं. पहिल्या दिवसापासून. काही गाळायचं नाही."